चष्म्याच्या शिबिरात सासूबाईंचा अंगठा घेतला आणि खातं रिकामं केलं

एकूण १२,८९९ रुपये गेले. त्यातले ३,८९९ मी माझ्या हातानं दिले, ९,००० सासूबाईंच्या खात्यातून काढले गेले. लिहायची लाज वाटते. पण बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात असली शिबिरं अजून भरतात, म्हणून लिहिते.

सासूबाई ६८ वर्षांच्या. वर्षभर त्यांना तांदळातले खडे दिसेनात. घरात बीपीएल रेशन कार्ड आहे, आयुष्मान कार्ड आहे. पाच लाखांचा विमा सरकार देतं, त्यात एक चष्मा बसणार नाही का, असं मला वाटायचं. कार्ड घेऊन नंबर तपासून देणारा कोण आहे, हे विचारत मी बेळगावात खडेबाजार, शहापूर, टिळकवाडी फिरले. तिघा चष्मेवाल्यांनी नाही म्हणून तोडून टाकलं. चौथ्यानं नीट सांगितलं, "आक्का, ते कार्ड दवाखान्यात ॲडमिट व्हायला, ऑपरेशनला. चष्म्याला चालत नाही. कोण चालतंय म्हणाला तर तिथं थांबू नकासा."

मी काय समजले? ह्याला रोख गिऱ्हाईक पाहिजे. त्या भल्या माणसाकडं रागानं बघून मी बाहेर पडले. आजही तो शब्द आठवला की पोटात कालवतं. फुकटात एवढी खरी माहिती दिली त्यानं, आणि मी त्यालाच चोर ठरवलं.

पंधरा दिवसांत गावात फलक लागला: ‘आयुष्मान कार्डावर मोफत चष्मा’. मंदिराच्या मंडपात टेबल, भिंतीला अक्षरांचा तक्ता, पांढरा कोट घातलेला पोरगा. बोलणं अगदी आपल्यातलं. नोंदणी ३५०, तपासणी २००, चांगल्या काचेचा फरक २,८५०, कार्ड अपडेट ४९९. मोफत म्हणता मग हे कशाला, असं मी विचारलं. विचारलं नाही असं नाही. तो म्हणाला, "काळजी करू नकासा, आक्का. तुमचं गाव ८६५ गावांत येतंय. फरकाचे पैसे महाराष्ट्राच्या योजनेतनं खात्यावर परत येत्यात." आपण सीमाभागातली माणसं. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांना, म्हणजे आपल्या गावांना, तिकडची महात्मा फुले आरोग्य योजना लागू केल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली, दाखल्यांसाठी धावाधाव केलेली. बरोबर तिथंच त्यानं बोट ठेवलं. ती योजनासुद्धा दवाखान्यातल्या उपचारांची आहे, त्यातून कुणाच्या खात्यावर चष्म्याचे पैसे येत नाहीत.

मग अंगठा. "पैसे परत यायला आधार जोडायला लागतंय" म्हणून सासूबाईंचा अंगठा मशीनवर ठेवून घेतला. उठला नाही म्हणाला, परत ठेवा. परत नाही उठला, अजून एकदा. तीन वेळा. रेशन दुकानात त्यांचा अंगठा कधी पहिल्यांदा उठत नाही, भाताच्या लावणीत सगळ्या रेषा झिजल्यात. तिथंही तीन-चार वेळा ठेवतोच की. मला शंका यावी तरी कशी? मी शेजारी उभी होते. त्यांचा हात धरून मीच अंगठा दाबून दिला.

त्याच अंगठ्यावर त्यानं खात्यातून पैसे काढले, एकदा ६,०००, एकदा ३,०००. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन-दोन हजार जमवून ठेवलेले, त्यांनी एक पैसा खर्चला नव्हता. खात्याला जोडलेलं सिमकार्ड दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं, त्यामुळं मेसेज कुणालाच आला नाही. नंबर बदलला असेल तर आज बँकेत जाऊन बदलून घ्या. अकराव्या दिवशी पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं.

बँकेत साहेब म्हणाले, अंगठा तुम्हीच दिला, आम्ही काय करणार? तीन दिवसांत यायचं होतं. अहो, कळलंच अकराव्या दिवशी! व्यवहार कुठल्या एजंटच्या मशीनवर झाला त्याची नोंद असते, तेवढी तरी द्या म्हटलं. "पोलिसांचं पत्र आणा." पोलिसांत गेलो तर हे सायबरचं, बेळगावला जावा. बेळगावात म्हणाले, गाव कुठल्या हद्दीत? तिकडंच द्यायला पाहिजे होतं. परत आलो. मी मराठीत लिहून नेलेला अर्ज बाजूला सारला, कन्नडमध्ये आणा. एकाला १०० रुपये देऊन लिहून घेतला, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. आरोग्य खात्याच्या कचेरीत विचारलं, शिबिराला परवानगी कुणी दिली? तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, आमच्याकडं नोंद नाही. नोंद नाही तर मग दिवसाढवळ्या मंडपात आयुष्मानच्या नावाचा फलक लागतोच कसा? ह्याचं उत्तर कुणी दिलं नाही. सहा फेऱ्या झाल्या. बायकांना बस फुकट आहे म्हणून निभावलं, पण नवऱ्याचे फौंड्रीतले तीन दिवसांचे पगार गेले ते वेगळेच. पहिल्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लावायचा असतो, हेसुद्धा चौथ्या फेरीला एका हवालदारानं सांगितलं.

आयुष्मानमध्ये काय बसतं ते १४५५५ वर फोन करून विचारा, शिबिरवाल्याला विचारू नका. म्हाताऱ्या माणसांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, मोबाईलवर होतं, रेशनच्या दिवशी थोडा वेळ उघडायचं. पांढरा कोट बघून पावती मागायला लाजू नका. आमच्या पावतीवर ना पत्ता ना नंबर, नुसता शिक्का.

चष्मा मिळाला तो जत्रेत शंभराला मिळतो तसला. नंतर सरकारी दवाखान्यात नेलं, तपासणीला एक रुपया लागला नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, कुठल्याच चष्म्यानं दिसणार नव्हतं. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होणार आहे, तारीख मिळाली आहे. सासूबाई जायला तयार नाहीत. तिथंही अंगठा मागतील म्हणतात.

नंदगडच्या बाजूला तसलाच फलक लागलाय असं परवा बहिणीनं सांगितलं. तिकडं कुणी ओळखीचं असेल तर आजच फोन करा.