कंपनीचा बॉक्स, स्वतःचा राउटर की मेश? निवड करण्याआधी जोडणीचा त्रास मोजा

नवा राउटर बघताना आपण त्यावर छापलेला वेग बघतो, अँटेना मोजतो. तो जोडायला किती वेळ जाईल, घरातली बाकीची उपकरणं त्याला धड जोडली जातील का आणि मध्येच नेट गेलं तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न डोक्यात येतात ते खोकं फोडल्यावर. माझ्या मते निवड याच प्रश्नांवर व्हायला हवी. वेगाचे आकडे कागदावर सगळ्यांचेच चांगले असतात.

त्याआधी एक चाचणी कराच. लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या बॉक्सला, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीने बसवलेल्या राउटरला जोडा आणि वेग तपासा. केबलवरही नेट रडतखडत चालत असेल तर दोष लाइनमध्ये, बॉक्समध्ये किंवा प्लॅनमध्ये आहे. नवा राउटर घेऊन काही फरक पडणार नाही. केबलवर उत्तम, बॉक्सजवळ वायफायही उत्तम आणि आतल्या खोलीत मात्र बोंब, असं असेल तर अडचण रेंजची आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आहे तोच बॉक्स ठेवायचा

त्रास सगळ्यात कमी इथेच. लॉगिनचं यूझरनेम, पासवर्ड, लाइनची सेटिंग सगळं आधीच भरलेलं असतं. नेट बंद पडलं तर एकच फोन करायचा. ‘तुमच्या राउटरचा दोष आहे’ असं म्हणून कोणी हात झटकू शकत नाही, आणि ही सोय मी फार मोठी मानतो. उणी बाजू अशी, की बऱ्याच सेटिंग्ज कुलूपबंद असतात, अपडेट कंपनीच्या मर्जीवर येतात आणि वायफाय अनेकदा जुन्या पिढीचं असतं.

तरीही तो मोडीत काढण्याआधी त्याची जागा बदलून बघा. केबल घरात जिथून शिरली तिथेच तो टांगलेला असतो: दाराच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, कपाटात. वायफाय सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं, आणि ५ ची लहर भिंतींपुढे २.४ पेक्षा लवकर दमते. बॉक्स घराच्या मध्याकडे, उंचावर, मोकळ्यात आणला तर कित्येक घरांत प्रश्न तिथेच मिटतो.

त्याच्या मागे स्वतःचा राउटर

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवा राउटर जुन्या बॉक्सला तीन प्रकारे जोडता येतो.

पहिला प्रकार नकळत होतो. बॉक्सच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमधून केबल काढून नव्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनसाठीच्या) पोर्टमध्ये खुपसली, की बहुतेक वेळा नेट सुरू होतं. पण आता घरात दोन राउटर एकामागे एक उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटत बसतात. याला डबल नॅट म्हणतात. ब्राउझिंग आणि व्हिडिओ ठीक चालतात, पण ऑनलाइन गेम, बाहेरून कॅमेरा बघणं, जुन्या वायफायवरचा प्रिंटर नव्या वायफायवरून शोधणं इथे घोळ होतो. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर कधीकधी नवं सेटिंगचं पानच उघडत नाही. ओळखायचं कसं? नव्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा डबल नॅटच आहे.

दुसरा प्रकार ब्रिज मोड. कंपनीचा बॉक्स फक्त लाइन पुढे देतो आणि राउटरचं सगळं काम नवा करतो. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वात स्वच्छ मार्ग, पण कंपनीच्या सहकार्याशिवाय तो जमत नाही. पीपीपीओई (लॉगिन करून लाइन सुरू करायची पद्धत) असेल तर यूझरनेम-पासवर्ड लागतो, काही ठिकाणी व्हीलॅन आयडी, म्हणजे लाइनला दिलेला एक क्रमांकही लागतो. काही कंपन्या जुन्या बॉक्सचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) लाइनला बांधून ठेवतात. मग नव्या राउटरमध्ये तो क्लोन करावा, म्हणजे तसाच भरावा लागतो. ही माहिती खरेदीआधी मागून घ्या आणि जमल्यास लेखी घ्या. जुनं नेट बंद, नवं सुरू नाही आणि कस्टमर केअरचा माणूस यूझरनेम द्यायला तयार नाही, अशा अवस्थेत अख्खी संध्याकाळ जाते.

तिसरा प्रकार ॲक्सेस पॉइंट मोड. पत्ते वाटण्याचं काम कंपनीच्या बॉक्सकडेच राहतं, नवा फक्त चांगलं वायफाय देतो. सेटिंगमध्ये एक पर्याय निवडायचा, राउटर पुन्हा सुरू होऊ द्यायचा आणि जुन्या बॉक्सचं वायफाय बंद करायचं. कोणाकडे काही मागावं लागत नाही, डबल नॅटही होत नाही. पालकांसाठीची नियंत्रणं, व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) अशी काही वैशिष्ट्यं या मोडमध्ये सहसा बंद होतात, एवढीच किंमत. ज्यांना फक्त घरभर चांगलं वायफाय हवंय त्यांना मी बिनदिक्कत हाच मार्ग सांगतो. विक्रेते तो क्वचितच सुचवतात, याची मला खंत आहे.

सेटिंग ॲपवरून करायची की ब्राउझरमधून? ॲप सोपं दिसतं, पण आधी खातं उघडायला लावतं आणि ऐन वेळी दगा देतो तो फोन. नव्या राउटरच्या वायफायवर अजून इंटरनेट नसतं, हे फोनच्या लक्षात येतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो. इकडे ॲप म्हणतं, राउटर सापडत नाही. मोबाइल डेटा बंद करा, ‘इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहू द्या’ म्हणा, की गाडी पुढे सरकते. लॅपटॉप, केबल आणि राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता, ही जुनी पद्धत मला अजूनही जास्त भरवशाची वाटते.

सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसलं नाही तर घाई करू नका. या पट्ट्यातले काही चॅनल रडारशी वाटून घ्यावे लागतात, म्हणून राउटरला आधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो, काही चॅनलवर त्याहूनही जास्त. तेवढ्यात वैतागून बटण बंद-चालू केलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जुनंच वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्याला दिला तर बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. तो पासवर्ड गावभर झाला असेल तर मात्र नवाच ठेवा. स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे बहुतेक फक्त २.४ वर चालतात. ते जोडताना अडले तर ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा, आणि वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतीत फक्त नवं डब्ल्यूपीए३ न ठेवता डब्ल्यूपीए२ सोबतचा मिश्र पर्याय निवडा. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये. त्याआधीची उपकरणं बहुधा त्याला ओळखत नाहीत.

मेश

घर मोठं, भिंती जाड किंवा मजले दोन, तर एक राउटर कितीही ताकदवान असला तरी पुरत नाही. मेश म्हणजे घरभर ठेवलेली दोन-तीन युनिटं, जी मिळून एकच वायफाय देतात. त्याची जोडणी ॲपवरून सहसा सुरळीत होते. पण मुख्य युनिट हाही एक राउटरच आहे, त्यामुळे डबल नॅटचा प्रश्न तसाच उभा राहतो, आणि उत्तरही तेच: ॲक्सेस पॉइंट मोड.

मेशमध्ये खरी फसगत होते ती जागा निवडताना. दुसरं युनिट जिथे रेंज नाही तिथे ठेवतात. मग त्याला स्वतःलाच मुख्य युनिटचं ऐकू येत नाही, तर ते पुढे काय देणार? ते अर्ध्या वाटेवर, रेंज अजून चांगली आहे तिथे हवं. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये युनिटांमधलं बोलणं आणि तुमच्या फोनची वाहतूक एकाच पट्ट्यात कोंबली जाते आणि वेग बराच घसरतो. युनिटांमध्ये केबल टाकता आली तर सगळाच फरक पडतो. एकाच पट्ट्यावर चालणारा, आलेलं वायफाय पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर मी सुचवणार नाही. त्यात वेग साधारण निम्मा होतो.

केबल कॅट ५ई (साध्या नेटवर्क केबलचा एक प्रकार) असली तरी १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात मिळतो. पण त्यासाठी तिच्यातल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, एक तार जरी सैल राहिली तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरू शकते आणि दोष मात्र राउटरला लागतो. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे असतात. तुमचा प्लॅन त्याहून वेगवान असेल तर खोक्यावर ‘गिगाबिट’ लिहिलंय का, ते बघा. वायफाय ७ या नव्या पिढीचं मात्र दडपण घेऊ नका. घरातले फोन आणि लॅपटॉप ते ओळखत नसतील तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणि यातलं काहीही निवडलं तरी कंपनीच्या बॉक्सच्या पाठीमागचं रीसेटचं छिद्र टोचू नका. त्याने कंपनीने भरलेली लॉगिनची माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट नाही. अडलंच तर नव्या राउटरचं रीसेट दाबा.