हबानेरो मिरची: काही महिन्यांच्या वापरानंतर

हबानेरोची ओळख लोक आकड्यांवरून करून देतात. १ ते ३.५ लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक), म्हणजे २,५०० ते ८,००० स्कोव्हिलच्या हालापिन्यो मिरचीची हिच्यापुढे गिनतीच नाही. पण मी ती पुन्हापुन्हा आणते ती वासासाठी. चिरल्या चिरल्या पिकल्या जर्दाळूसारखा गोडसर दरवळ सुटतो. जिभेवरही आधी तोच उतरतो, तिखट मागाहून चढतं आणि घशाशी बराच वेळ मुक्काम ठोकतं.

तिखटपणा बियांत असतो हा समज डोक्यातून काढा. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. मिरची उभी चिरायची, सुरीच्या टोकाने गाभा आणि शिरा हलक्या हाताने खरवडायच्या. झणका निम्म्याहून खाली येतो आणि वास जागच्या जागी राहतो. हातमोजे मात्र हवेतच. बोटांना लागलंच तर आधी खाद्यतेल चोळून पुसायचं, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं.

आता आग शमवण्याबद्दल. पाण्याच्या नादी लागू नका. मिरचीला तिखट बनवणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, घोट गिळला की भडका परत. माझा कौल दुधाला. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, म्हणून साय काढलेलं दूधही चालतं. बदामाच्या दुधात केसिनच नसतं. थंडगार घोट तोंडात खेळवा, जिभेच्या कडांना लागू द्या, मग गिळा. दही त्याहून सरस, कारण ते जिभेवर थांबतं. दोन्ही नसेल तर चिमूटभर साखर जिभेवर विरघळू द्यावी.

एक गोष्ट कळल्यावर मला फार धीर आला: यात जीभ खरोखर भाजत नाही. ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारा चेतातंतूंवरचा ग्राही (रिसेप्टर), टीआरपीव्ही१, कॅप्सेसिनमुळेही जागा होतो आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आता डोळ्यांत पाणी आलं तरी मी शांत बसते, आग आपोआप उतरते.

नियमित खाल्ल्यावर तेवढ्याच तुकड्याचं तिखट कमी झोंबतं, खंड पडला की पुन्हा थोड्यापासून सुरुवात. रिकाम्या पोटी मात्र अजूनही नाही; पोटात कळा येतात आणि तिथे दुधाचा फारसा उपयोग होत नाही. उरलेल्या मिरच्या अख्ख्याच फ्रीझरमध्ये ठेवते. गोठलेल्या मिरचीचे पातळ काप छान पडतात, चिरताना ठसकाही कमी लागतो.