साखरेचा स्क्रब, सात महिने वापरून

मी संकेश्वरची. सीझनला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकणं आमचं रोजचंच. त्यामुळं बेळगावला खडेबाजारात हा साखरेचा स्क्रब 350 रुपयांना घेतला तेव्हा सासूबाई म्हणाल्याच, "कारखाना दाराशी आणि साखर विकत आणतीस होय, ती पण अंगाला चोळायला?" कंपनीचं नाव लिहीत नाही.

नोव्हेंबरपासून वापरतेय. कोपरं, गुडघे, थंडीत पांढरी पडणारी नडगी, सगळीकडं मस्त चाललं. तेल असतंच त्यात, आणि दाणे पाण्यात विरघळतात म्हणून न्हाणीची जाळी तुंबत नाही, अक्रोडाच्या स्क्रबनं ते पण भोगलंय. मुंग्या मात्र आल्या, येणारच की.

जानेवारीत हावरटपणा केला, रोज तोंडाला लावायला लागले. आठवड्यात गाल लालभडक, नुसतं पाणी लागलं तरी चरचरायचं. मला वाटलं साखरेची अॅलर्जी. मग चिमूटभर तळहातावर घेऊन ट्यूबलाइटखाली बघितलं तर चांगले चौकोनी, धारदार कडांचे दाणे, किराणात एम-30 म्हणून मिळते तसली जाडी साखर! एस-30 तरी बारीक असते. म्हणजे साखर बिचारी गुन्हेगार नव्हे, तिची धार आणि माझा जोर. स्किनच्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, तोंडाला बंद केलं, साध्या मॉइश्चरायझरवर तीन आठवड्यात उतरलं.

डब्यावर उसाचं ग्लायकोलिक अॅसिड (मेलेली कातडी सैल करून काढणारं) असल्याची जाहिरात आहे, मागं घटकांच्या यादीत त्याचं नाव नाही. अहो, ते अॅसिड उसात असतं, पण साखर म्हणजे सुक्रोज, घासून तिचं अॅसिड होत नाही.

मार्चमध्ये ओला हात घालून घालून अर्धा डबा वाया घालवला. मुरांबा टिकतो कशानं, घट्ट पाकात जंतूंना पाणीच मिळत नाही म्हणून. इथं पाणी शिरून पाक पातळ झाला, तळाशी आंबूस वास. दुसऱ्या डब्यात कोरडा चमचा ठेवलाय.

सासूबाईंना शुगर आहे, लावलं तर वाढंल का हा त्यांचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले चोळून धुतल्यानं रक्तातली साखर वाढत नाही, पण पायाला, भेगांना अजिबात लावायचं नाही, शुगरवाल्यांना पायाची जखम कळत पण नाही आणि लवकर भरत पण नाही. म्हणून त्यांना फक्त कोपरांपुरतं. आता भाकऱ्या थापून झाल्या की त्याच विचारतात, "डबा कुठं ठेवलीस गं?"