चुनखडी सांगितली, निघाली पीओपी

कुलाब्यातल्या एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून मार्चमध्ये हे भित्तिशिल्प घेतलं. प्राचीन इजिप्तची हाथोर देवी तिथला राजा पहिला सेती याचा हात धरून त्याला आपला मण्यांचा हार देतेय. मूळ रंगीत शिळा सेतीच्या थडग्यातली, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची. चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंने ती १८२९ मध्ये तिथून काढून नेली. आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ती सव्वादोन मीटर उंच, माझी दीड फूट. किंमत ४,८०० रुपये. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'अस्सल चुनखडी, हाताने कोरलेली'.

मी २२ वर्षं लालबागला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. घरी खोक्यातून काढतानाच वाटलं, दगड एवढा हलका नसतो. मागे एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, तिथे लिंबू पिळलं. चुनखडी असती तर फसफसली असती. ढिम्म! नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी. अहो, ही पीओपी आम्ही केसांतून धुऊन काढतो. कडेला साच्याच्या सांध्याची रेघसुद्धा नीट घासलेली नाही.

दुकानात फोन केला. "मॅडम, लाइमस्टोन फिनिश असतं ते." पैसे परत नाहीत.

निळा रंगही फसलाय. तिकडे इजिप्तमध्ये वाळू, चुना आणि तांबं एकत्र भाजून निळा करत. जाडसर कुटला की गडद, बारीक कुटला की फिका. इथे सरसकट डब्यातला ॲक्रेलिक आणि वर चकचकीत वार्निश. ट्यूबलाइट लावली की देवीच्या गालावर ट्यूबच दिसते.

पण डोळे! चेहरा बाजूने आणि डोळा समोरून, ही त्यांची रीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे जाणारी काजळाची रेघ ज्याने कोणी रंगवलीय, त्याने ती एका दमात ओढलीय. कुठे जाड नाही, कुठे थांबलेली नाही. मी कोरडा ब्रश घेऊन हवेत तशी ओढून पाहिली, चौथ्या वेळी जमली. त्या माणसाला कारखान्यात रोज किती देत असतील कोण जाणे.

म्हणून तीन तारे. दीड हजारात देत असतील तर घ्या. समोरून दिवा नको, खिडकीशेजारी लावा. बाजूच्या उजेडात नाक-ओठांचा उठाव दिसतो. पावसाळ्यात मात्र बाहेरच्या भिंतीवर ठेवू नका, पीओपी ओल धरते. माझी सध्या कपाटावर आहे, वार्निशवर मॅट कोट मारायचाय.