परिसर अभ्यास: वेगळा तास की भाषेच्या तासात?

शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी मधल्या सुट्टीत डबा उघडतानाच विचारलं, "ताई, चौथीला परिसर अभ्यासाचा तास वेगळाच ठेवू की मराठीत मिसळू?" मी दोन्ही करून पाहिलंय.

वेळेचं बघायचं तर मिसळणं स्वस्त पडतं. वेगळा तास कागदावर असतो खरा, पण चाचणी जवळ आली की गणित तो गिळतं. मराठीच्या तासाला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

लक्षात काय राहतं? एकदा फळ्यावर 'शीव' लिहिलं. अर्थ विचारला, तर सगळे म्हणाले, "स्टेशन!" (मुंबईतलं शीव, म्हणजे सायन.) शीव म्हणजे सीमा, हद्द. मग नकाशा काढला: इकडे मुंबई बेट, पलीकडे साष्टी बेट, मध्ये खाडी. हद्दीवर पहारा हवा म्हणून इंग्रजांनी १७व्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला. एका शब्दात भाषा, भूगोल, इतिहास तिन्ही उरकलं. रविवारी दोघं-तिघं आईबाबांना घेऊन किल्ल्यावर जाऊन आले.

पण क्रम मात्र मिसळून जमत नाही. चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ या पुस्तकात शिवछत्रपतींचा इतिहास आहे. तो तुकड्यातुकड्यांनी सांगितला, तर मुलं अफझलखान आधी की आग्रा आधी यात हमखास अडकतात. १६५९ आणि १६६६ एका रेषेवर मांडायला सलग तास लागतो.

खर्च दोन्हीकडे खडूपुरताच. मिसळण्यात तयारीला संध्याकाळ जाते, एवढंच.

तिसरीला, जिथे घर-गल्ली-वॉर्ड शिकवायचंय, तिथे बिनधास्त मिसळा. चौथीच्या इतिहासाला आठवड्याचे दोन तास वेगळे राखा, आणि गणिताच्या सरांना ते आधीच सांगून ठेवा.