प्युअर डेटा, आठ महिने वापरून: माझी तोफ फुसकी का निघाली

प्युअर डेटा, म्हणजे पीडी, हे पडद्यावर खोकी न वायरी जोडून आवाजाचे प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर. त्या कशा जोडायच्या ते सगळ्यांना माहितीय, ते सोडतो. मॅक्स नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरला पैसे पडतात, हे फुकट आणि माझ्या जुनाट लॅपटॉपवर पण पळतंय, विषय संपला.

गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाचा पावनखिंडीचा देखावा होता. बटण दाबलं की प्रसंगाचा नंबर पुढं, त्यातनं एक वायर सरळ पॅकच्या (दोन आकडे एकत्र करून पुढं सोडणारं खोकं) डाव्या इनलेटला, म्हणजे आत यायच्या भोकाला, दुसरी टेबलातनं (आकड्यांची साठवलेली यादी) आवाजाची पातळी घेऊन उजव्याला. पाच दिवस नाद खुळा. सहाव्या दिवशी गुंता बघवेना म्हणून टेबलाची वायर काढून परत ओढली, तिथंच, तशीच. रात्री विशाळगडावरची तोफ फुस्स! पावसाच्या रिपरिपीएवढी. आणि पुढचं निवेदन तोफेच्या जोरात, पुढं बसलेल्या आज्जी टुणकन उठल्या. मी साऊंडवाल्याला झापलं, तो म्हणतोय, "दादा, तुमच्या लॅपटॉपातनंच तसं येतंय."

खरंच तसं होतं. एका आउटलेटातनं (बाहेर पडायचं भोक) दोन वायरी निघाल्या तर जी आधी जोडली तिला मेसेज आधी, आणि तो त्या वाटेनं पार टोकाला जाऊन आल्याशिवाय दुसरीला काय मिळत नाही. पॅकचं डावं इनलेट हॉट, नंबर आला की लगेच बाहेर सोडतंय, उजवं कोल्ड, नुसतं साठवतंय. मी टेबलाची वायर नंतर ओढली, झालं, प्रत्येक प्रसंगाला मागच्याचा आवाज. आणि पडद्यावर दोन्ही चित्रं सेम टू सेम! त्या रात्री डाव्या वायरीत पाईप 50 हे खोकं घातलं, म्हणजे नंबर 50 मिलिसेकंद उशिरा, आणि वेळ मारून नेली.

इथपर्यंत गणपतीतच लिहून ठेवलेलं, एक स्टार देऊन.

दिवाळीत निवांत बसल्यावर ट्रिगर नावाचं खोकं कळलं. त्यात 'टी एफ एफ' एवढंच लिहायचं (टी म्हणजे ट्रिगर, एफ म्हणजे आकडा), मग आकडा उजव्या आउटलेटातनं आधी, मग डाव्यातनं, कायम, वायर कधीपण ओढा. म्हणजे औषध घरातच होतं, मीच हेल्प उघडली नव्हती. मॅक्समध्ये म्हणे क्रम खोक्यांच्या जागेवर ठरतो, उजवीकडनं डावीकडं, खोकं सरकवलं की क्रम बदलला, म्हणजे पैसे घालून पण डोक्याला ताप हायच. चार स्टार करतो. पाचवा नाही, वायरीवर बारीक 1, 2 दाखवायला काय जात होतं?

आता पोरं पॅचला, म्हणजे ह्या खोकी-वायरींच्या जोडणीला, हात लावायला आली की पहिलं विचारतो, एकातनं दोन काढल्यास का रे. पाईप 50 मात्र ट्रिगर टाकूनसुद्धा तिथंच ठेवलाय, काढायचं धाडस होईना.