सिएटलचं ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क : वरून खाली उतरत पाहा

सिएटलला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना बहुधा स्पेस नीडल आणि पाइक प्लेस मार्केट दाखवलं जातं. या दोन्ही ठिकाणांहून चालत जाता येईल असं, पाण्याला लागून असलेलं ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क मात्र बऱ्याचदा राहून जातं. ते राहू देऊ नका. सिएटल आर्ट म्युझियमचं हे पार्क २००७ साली खुलं झालं. ९ एकर जागा, प्रवेश मोफत. पूर्वी इथे एका तेल कंपनीच्या टाक्या होत्या आणि माती तेलाने खराब झालेली होती.

सुरुवात वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने, वरच्या काचेच्या इमारतीपासून करा. तिथून इंग्रजी झेडच्या आकाराची वाट एक मोठा रस्ता आणि रेल्वेचे रूळ ओलांडत किनाऱ्यापर्यंत सुमारे ४० फूट खाली उतरते. खालून आलात तर चढ लागतो आणि पाणी व डोंगर पाठीमागे राहतात. वरून उतरताना प्रत्येक वळणावर समोरचं दृश्य बदलतं; वास्तुरचनाकार वाइस/मॅनफ्रेडी यांचं खरं कौशल्य या वाटेतच आहे. मुख्य वाट उताराची असल्याने व्हीलचेअर आणि बाबागाडी आरामात जाते. घाई न करता दीड तास ठेवा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इमारतीच्या खालच्या बाजूला, खोलगट भागात असलेल्या शिल्पकार रिचर्ड सेराच्या ‘वेक’ या शिल्पाला. पाच आकृत्या, प्रत्येकी सुमारे १४ फूट उंच. प्रत्येक आकृती नागमोडी वळणाच्या दोन पोलादी पत्र्यांची, त्यातला एक दुसऱ्याच्या उलट दिशेने लावलेला. वरून फोटो काढून पुढे गेलात तर हाती काहीच लागत नाही. खडीवर उतरून आकृत्यांच्या मधून सावकाश चाला, मग त्याच वाटेने परत या. भिंती कुठे अंगावर येतात, कुठे दूर सरकतात, आणि परतीच्या वाटेवर तीच जागा अनोळखी वाटते. हात मात्र लावू नका. हे पोलाद मुद्दाम गंजू दिलेलं असतं आणि हाताच्या घामातलं मीठ व तेल त्या थरावर डाग पाडतं. लहान मुलांना उतरण्याआधीच हे सांगून ठेवलेलं बरं.

पुढे अलेक्झांडर काल्डरचा लालभडक ‘ईगल’ (१९७१), उंची सुमारे ३९ फूट. त्याच्या कमानीसारख्या पायांभोवती पूर्ण फेरी मारा; एका कोनातून मागे स्पेस नीडल दिसतो. रूळांवरच्या पुलाला तेरेसिता फर्नांडेझ यांनी ढगांची चित्रं असलेल्या रंगीत काचा बसवल्या आहेत. ऊन असेल तर त्यांची मजा, ढगाळ दिवशी त्या फिक्या वाटतात.

एलियट अ‍ॅव्हेन्यूजवळचं मार्क डायन यांचं ‘न्यूकम व्हायव्हेरियम’ फार वेगळं आहे. जंगलात पडलेल्या हेमलॉक वृक्षाचा ६० फुटी ओंडका काचघरात ठेवला आहे आणि त्याच्या कुजत्या लाकडावर शेवाळ, नेचे, बुरशी आणि नवी रोपं वाढतात. इथेच अनेकांचा हिरमोड होतो, कारण बाग रोज उघडी असली तरी हे काचघर ठराविक दिवशी आणि थोडेच तास उघडतं. वेळ आधी संकेतस्थळावर पाहून त्याप्रमाणे दिवस ठरवा.

किनाऱ्यावर जॉमे प्लेन्सा यांचा ४६ फुटी पांढरा चेहरा ‘एको’ आहे. समोरून तो भरीव वाटतो, बाजूला गेल्यावर किती चपटा आहे ते कळतं. लुईस बुर्ज्वा यांच्या ‘फादर अँड सन’ या कारंज्यात बाप आणि मुलगा आळीपाळीने पाण्याआड जातात. बदल तासाच्या ठोक्याला होतो, तेव्हा काही मिनिटं आधीच पोहोचा. शेजारच्या डोळ्यांच्या आकाराच्या काळ्या ग्रॅनाइट बाकांवर बसून वाट पाहता येते.

बाग सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत उघडी असते. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून दुपारी लवकर निघा. किनाऱ्यावर वारा झोंबतो आणि आडोसा जवळजवळ नाही. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट उपयोगी पडतं. गाडीसाठी वरच्या इमारतीखाली पैसे भरून पार्किंग मिळतं. परतताना ब्रॉड स्ट्रीटचं फाटक लांबलचक मालगाडीमुळे बंद असेल, तर तिथे ताटकळू नका. बागेच्या पुलावरून रूळ ओलांडून वर या.